पडद्यावरचा वालाचा दाणा

ब्रुकलिन, ११ ऑक्टोबर १९८७

वडीलधाऱ्या अगातीनाताईच्या दोन्ही हातांवर धाकट्या गाएतानोचे ओठ, आणि माझ्या पांढऱ्या डोक्यावर तुझा आशीर्वाद असू दे.

ताई, सगळ्यात आधी तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की चर्चच्या पायऱ्या आता तुला दर रविवारी एकेकीने वाढल्यासारख्या वाटतात. त्या पूर्वीही तेवढ्याच होत्या, पण आपण लहान असताना त्या धावत चढायचो म्हणून मोजल्या नव्हत्या. बदामाच्या झाडाला यंदा मोहोर कसा होता? शेळी व्याली का? आणि नगरपालिकेच्या नव्या दिव्याचा उजेड तुझ्या झोपायच्या खोलीत येतो, त्याचं काय झालं? माझी तब्येत उत्तम आहे. डॉक्टर म्हणतात की हृदय थोडं मोठं झालंय. ते सिनेमा पाहायच्या आधी म्हणाले होते, आता तर ते छातीत मावत नाही, आणि त्याच कारणासाठी हे पत्र लिहायला बसलो आहे.

ताई, खुर्चीत नीट बस. आपल्या आईने पालेर्मोच्या धक्क्यावर माझ्या मुठीत ठेवलेला वालाचा दाणा (तोच, आपल्या शेतातला, संत जोसेफच्या ताटापुढे ठेवून आशीर्वाद घेतलेला, जो खिशात असला की माणसाच्या घरात भाकरीला खंड पडत नाही) परवाच्या शुक्रवारी आमच्या पेठेतल्या थिएटरच्या पडद्यावर झळकला. केवढा म्हणशील? आपल्या मोन्तेकार्दोच्या चर्चच्या दरवाजाएवढा! त्यावरची काळी रेघ माझ्या हाताएवढी जाड दिसत होती. सहाशे माणसं अंधारात बसून आईच्या दाण्याकडे बघत होती. सत्तावन्न वर्षांपूर्वी ती बिचारी काळी शाल डोक्यावरून ओढून धक्क्यावर उभी होती, जहाज हललं तरी हात खाली घेईना. तिला कुणी सांगितलं असतं तर तिने सांगणाऱ्याला आधी पाणी पाजलं असतं आणि मग वैद्याकडे नेलं असतं.

आता हे घडलं कसं ते सांगतो. तू म्हणशील गाएतानोची गाडी नेहमीप्रमाणे बदामाच्या झाडावरून निघाली आणि शेळीकडे गेली. पण या वेळी मी सरळ सांगणार आहे. माझी नात निन्फा (लेकीची मुलगी, तिच्या पहिल्या कम्युनियनचा फोटो तुझ्याकडे आहे, पुढचे दोन दात नाहीत ती) ही सिनेमा काढते. घरच्यांनी तिला दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस म्हणून चिकटवायचं ठरवलं होतं. तिने ते दातांचं काम चार महिने केलं आणि एक दिवस येऊन मला म्हणाली, “नान्नू, लोकांची तोंडं उघडायला लावायचीच असतील तर मी त्यांना हसवून उघडायला लावीन.” मी तिला माझ्या बेकरीच्या दिवसांत पिठाच्या पोत्यावर बसवून ज्या गोष्टी सांगायचो, त्या सगळ्या तिने एका वहीत लिहून ठेवल्या होत्या, आणि त्यातूनच तिचा हा विनोदी सिनेमा झाला. गोष्ट साधी आहे. आमच्यासारख्याच एका घराण्याचं सगळं नशीब आजोबांच्या खिशातल्या एका दाण्यात असतं, तो दाणा हरवतो, आणि अख्खी गल्ली तो शोधायला लागते. सुना, जावई, व्याही, ज्यांनी दहा दहा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, ते एकाच पलंगाखाली डोकं घालतात. शेवट सांगत नाही. (सांगितला असता, पण तू तो पाद्रीबाबांना सांगशील, आणि ते रविवारी सगळ्यांना.)

शूटिंग माझ्याच घरात झालं. मार्चमध्ये नऊ दिवस माझ्या स्वयंपाकघरात तेवीस माणसं, सात दिवे आणि कॅमेरा सरकवायचा एक लोखंडी रूळ होता. भली माणसं, पण त्यांना काहीही शिकवलेलं नव्हतं. पहिल्याच सकाळी एकाने आपली हॅट माझ्या पलंगावर ठेवली. पलंगावर, ताई, मरणाऱ्याच्या उशाशी ठेवतात तशी! मी जिवंत, धडधाकट, समोर उभा! मी ती हॅट खिडकीतून बाहेर टाकली, तर तो मुलगा माझ्याकडे असा बघायला लागला जणू मीच वेडा. दुसऱ्याने टेबलावर पाव उलटा ठेवला. मी एक्केचाळीस वर्षं पाव भाजले आहेत, उलटा पाव मला पालथ्या पडलेल्या पोरासारखा दिसतो. मी जाऊन तो सरळ करायचो, तो “चित्र जुळत नाही” म्हणून पुन्हा उलटा करायचा. असं अकरा वेळा झालं. त्यांचं तरी काय वेगळं? तेरा नंबरचं दृश्य त्यांनी गाळून टाकलं होतं, कारण अमेरिकेत तेराला घाबरतात. आपल्याकडे अशुभ सतरा, म्हणून आम्ही तेही गाळायला लावलं. शेवटी पाट्यांवर बारानंतर चौदा आणि सोळानंतर अठरा आलं, आणि स्टुडिओकडून आलेले मि. प्रूट नावाचे गृहस्थ दिवसभर हातात कागद घेऊन दोन दृश्यं कुठे गेली ते शोधत फिरत होते.

हे मि. प्रूट लक्षात ठेव. सुकलेल्या अंजिरासारखा चेहरा, आणि सतत घड्याळाकडे बघायची सवय. त्यांनी पहिल्या दिवशीच निन्फाला बजावलं होतं की १९ मार्चला, संत जोसेफच्या सणाच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत दारं ठोठावण्याचं दृश्य झालं पाहिजे. का, तर ताटं खरी होती. माझ्या बैठकीच्या खोलीत आम्ही खराखुरा जोसेफचा देव्हारा मांडला होता, तीन पायऱ्यांचा. जोसेफच्या काठीच्या आणि दाढीच्या आकाराचे पाव मी स्वतः भाजले होते. (हात थरथरतात, दाढी थोडी कुरळी आली. लोक म्हणाले, उलट जास्त जिवंत दिसते.) बडीशेपेचे गड्डे, आर्टिचोकची बोंडं, वालाची पेज, वर पावाचा भाजलेला चुरा घातलेली शेवई, सगळं होतं. ते त्याच संध्याकाळी गरिबांना वाटायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचं नसतं. दृश्य राहिलं तर मि. प्रूट सिनेमा निन्फाच्या हातातून काढून घेणार होते. कॅलिफोर्नियात दुसरा दिग्दर्शक तयार बसला होता, तो तिकडे खोटा देव्हारा मांडून काम उरकणार होता. मी विचारलं, त्याच्या ताटात काय असणार? तर मि. प्रूट म्हणाले, “टोमॅटोच्या रश्शात मांसाचे गोळे. लोकांना तेच आवडतं.” ताई, जोसेफच्या ताटात मांस! उपासाच्या दिवसांत! मी खाली बसलो. निन्फाचा खालचा ओठ आत गेला. आपल्या आईचा जायचा तसाच. तीन वर्षं तिने या वहीसाठी दारोदार चपला झिजवल्या होत्या. त्या सकाळी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “नान्नू, आज दाणा माझ्याकडे दे. फक्त आजचा दिवस.” मी खिशातून काढून तिच्या हातावर ठेवला. ठेवताना माझा हात का थरथरला ते पुढे सांगतो. सांगेन की नाही, बघतो.

आता ते दृश्य. तुला पद्धत माहीतच आहे. जोसेफ, मारिया आणि बाळ येशू पहिल्या दाराशी जाऊन आसरा मागतात, तिथे नाही म्हणतात. दुसऱ्या दाराशीही नाही म्हणतात. तिसऱ्या दारात त्यांना आत घेऊन ताटावर बसवतात. जोसेफचं काम होतं सिनेमातल्या आजोबांकडे, म्हणजे मि. हॉलिस ग्रेडी या मोठ्या नटाकडे. मूळचे ओहायोचे, वीस वर्षं पडद्यावर सर्जनची कामं केलेली, उंच, निळे डोळे. जोसेफचा झगा घातल्यावर ते इतके पवित्र दिसायला लागले की रस्त्यावरच्या बायका छातीवर क्रूस करायला लागल्या. आणि इथेच सगळा घोटाळा झाला. पहिलं दार माझ्या मुलाचं, कालोजेरोचं. तो विमा विकतो, तोंडावर दार बंद करणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याचं काम एका फटक्यात झालं. तिसरं दार माझं. दुसरं दार मात्र शेजारच्या दोन्ना पिप्पीनाचं.

पिप्पीना म्हणजे विधवा बाई, चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. बशीतल्या पाण्यात तेलाचे थेंब सोडून नजर काढते. तिच्या हाताला गुण आहे हे मी मान्य करतो, जिभेला नाही हेही. तिने फक्त एवढंच म्हणायचं होतं, “इथे जागा नाही, पुढे जा,” आणि दार लावायचं. पहिल्या वेळी म्हणाली, दार लावलं, छान झालं. पण मागून एक ट्रक आवाज करत गेला. निन्फा म्हणाली, “पुन्हा.” दुसऱ्या वेळी बाळ येशूला शिंक आली. “पुन्हा.” तिसऱ्या वेळी दिवा गेला. चौथ्यांदा पिप्पीनाने दार उघडलं, समोर तो उंच, दमलेला, निळ्या डोळ्यांचा जोसेफ, आणि ती रडायलाच लागली. म्हणाली, “अगं पोरी, किती वेळा? तीनदा हाकललं मी त्याला! संत पेत्रुसनेसुद्धा येशूला तीनदाच नाकारलं होतं. चौथ्यांदा नाकारणारी मी कोण?” आणि तिने ग्रेडीसाहेबांचा हात धरून त्यांना आत ओढलं. कॅमेरा रस्त्यावर चालू, आत भांड्यांचा आवाज. (घरात आलेल्या जोसेफला उपाशी पाठवता येत नाही, हे तिलाही माहीत आणि मलाही.) साहेब वीस मिनिटांनी तोंड पुसत बाहेर आले.

निन्फाने समजावलं. पिप्पीनाने शपथ घेतली. पाचव्यांदा पुन्हा तेच, या वेळी शेवई. सहाव्यांदा मळलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आत रिकोटा चीज. साहेब सभ्य माणूस, नाही म्हणायची सवय नाही, शिवाय त्यांना वाटलं हे कामाचाच भाग आहे. सातव्या वेळी निन्फाने पिप्पीनाच्या जागी समोरच्या घरातली बाई उभी केली, तर तिनेही दार सताड उघडून सांगितलं, “सगळी गल्ली बघतेय, आणि जोसेफला हाकलणारी म्हणून माझं तोंड जन्मभर सिनेमात दिसणार? मला दोन मुलींची लग्नं करायची आहेत!” तिसरी बाई तर वरच्या खिडकीतूनच आत पळाली. गल्लीत नकार द्यायला एक माणूस मिळेना. मि. प्रूट घड्याळ बघत विचारत होते की एवढं एक वाक्य बोलायला काय हरकत आहे. त्यांना कोण सांगणार? पुन्हा पिप्पीनाच उभी राहिली, आणि आठव्यांदा आर्टिचोक. त्यानंतर ग्रेडीसाहेब हिरवे पडले, माझ्या पलंगावर आडवे झाले आणि हॅट पोटावर ठेवून म्हणाले की आता स्वतः देव आला तरी ते उठणार नाहीत. सूर्य पाण्याच्या टाकीमागे गेला होता. अजून अर्धा तास उजेड. मि. प्रूट टेलिफोन कुठे आहे ते विचारायला लागले.

निन्फा पायरीवर बसली होती. मूठ घट्ट मिटलेली, दाणा आत. मी तिला म्हणालो, झगा आण. ती म्हणाली, “नान्नू, तू?” मी म्हणालो, मी. मी काही उंच नाही, माझे डोळे निळे नाहीत, पण एक्केचाळीस वर्षं पहाटे उठून लोकांची दारं ठोठावून पाव पोचवले आहेत. दार कसं ठोठावायचं हे ओहायोच्या सर्जनपेक्षा मला जास्त कळतं. लांबून पाठमोरा दिसेन, साहेबांचा चेहरा नंतर जोडा. झगा घातला, तो जमिनीवर लोळत होता. काठी घेतली, पिप्पीनाच्या दाराशी गेलो आणि ठोठावलं. दार उघडलं. आणि ताई, माझं वाक्य होतं “आम्ही थकलेली माणसं, आसरा द्या,” पण त्या उतरत्या उन्हात, त्या उंबऱ्यावर, मला एकदम आपली शाळा दिसली. मास्तरीणबाई एर्सीलिया फळ्याला टेकून उभ्या, खिडकीत बदाम, आणि तू माझ्या पुढच्या बाकावर. तोंडातून आपोआप निघालं:

दूरच्या रानाचे पाखरू मी गे,
वाऱ्याने थकले, उंबऱ्याशी घे…

बस. दुसऱ्याच ओळीला पिप्पीना कमरेवर हात ठेवून ओरडली, “अरे देवा, तू! चाळीस वर्षं! माझ्या नवऱ्याच्या मयताला हेच पाखरू! माझ्या पोरीच्या लग्नात हेच पाखरू! दुधाची बाटली घ्यायला दार उघडलं तरी हेच पाखरू! आणि तुझ्या अंजिराची पानं माझ्या अंगणात कोण झाडणार, पाखरू? इथे जागा नाही! ना तुला, ना तुझ्या पाखराला! चल, पुढे हो!” आणि दार असं आपटलं की वरची संतांची तसबीर खाली आली. लगेच निन्फाचा आवाज: “कट! झालं! हेच पाहिजे होतं!” तेवीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. मि. प्रूटनी फोन ठेवला.

ताई, एका झटक्यात! मोठ्या नटाला आठ वेळांत जमलं नाही ते तुझ्या धाकट्या भावाने एकदाच जाऊन केलं. (दार उघडून बघायला कुणी गेलं तेव्हा पिप्पीना आत भिंतीला टेकून बसली होती, आपण शेवटी जोसेफला हाकललंच हे तिच्या लक्षात आलं होतं. त्यानंतर अकरा दिवस रोज माझ्या पायरीवर झाकलेली बशी यायची. मी ती धुऊन परत ठेवायचो. नवव्या दिवशीची मिठाई विशेष चांगली होती.) निन्फाने मग साहेबांचा चेहरा जोडलाच नाही. म्हणाली, “नान्नू, तुझ्यासारखं हाकलून घेणं कुणाला येणार नाही.” याहून मोठी शाबासकी मला मास्तरीणबाईंकडूनही मिळाली नव्हती.

आणि परवा थिएटरात, या दृश्याला लोक एवढे हसले की मागच्या रांगेतला एक म्हातारा खुर्चीसकट कलंडला. मी म्हणेन, कवितेची लय चांगली होती. निन्फा म्हणते हो, लयच. पण खरी गोष्ट पुढे आहे. सिनेमा संपला, नावं वर सरकायला लागली, लोक कोट चढवत उठले, आणि त्या काळोखात, पडद्यावर नावांशिवाय काही नसताना, माझा आवाज आला. पोरीने कधी टेप केला कुणास ठाऊक:

मूठभर ऊब दे चुलीजवळची,
पहाटे गाईन गाणी मी तुझी.

सहाशे माणसं एका बाहीत हात घालून थांबली. पिप्पीना माझ्या पुढच्या रांगेत होती. ती हळूच वळली आणि म्हणाली, “म्हणजे पुढे असं आहे होय?” मी म्हणालो, चाळीस वर्षं तेच सांगायचं होतं, बाई. ती म्हणाली, “मग आधी शेवट सांगायचा, मेल्या.” आणि नाक शिंकरलं. ताई, मी खूप काही मिळवलं नाही या देशात. एक घर, एक अंजीर, तीन मुलं. पण आपल्या शाळेतली ती कविता आज ब्रुकलिनच्या थिएटरात बोलली गेली, आणि माझ्या नातीच्या नावातून पडद्यावर माझ्या आईचं नाव झळकलं (निन्फा, आईचंच नाव, तुला आठवण करून द्यायला नको), यापुढे मला कुणी कमी समजू नये.

मुलांना माझे पापे, शेळीला थोपटणे, आणि बदामाखाली उभी राहिलीस की एकदा माझं नाव घे.

तुझा धाकटा,
गाएतानो तुमीनेल्लो

ता. क. हात का थरथरला ते लिहितोच. पाद्रीबाबांना सांगू नकोस. आईचा दाणा माझ्याकडे नाही. १९३८ साली माझ्या असुन्ताने (देव तिच्या आत्म्याला शांती देवो) माझी विजार धुवायला काढली, खिशात वाल सापडला, तिला वाटलं डब्यातून पडला, आणि तो तिने सूपमध्ये टाकला. कुणाच्या बशीत गेला ते कळलं नाही. निदान घराबाहेर गेला नाही, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावरच्या वाण्याकडून एक विकत घेतला, बिनआशीर्वादाचा, आणि एकोणपन्नास वर्षं तोच आईचा म्हणून बाळगला. आता निन्फा पुढचा सिनेमा सुरू करतेय आणि दाणा कायमचा मागतेय. वाण्याचा दाणा पोरीच्या आयुष्यावर कसा ठेवू? म्हणून ताई, तुझ्या खिडकीतल्या बरणीत यंदाच्या जोसेफच्या सणाचे वाल असतील, आपल्या शेतातले. त्यातला एक, चांगला काळ्या रेघेचा, पाठवून दे. सिनेमाचं सगळं खरं आहे, पण पत्र खरं तर यासाठी होतं.

ता. क. २. दाण्याबद्दल पत्रात एक अक्षर लिहू नकोस. बदामाच्या मिठाईच्या पुडीत लपव. पाकिटावर पत्ता निन्फाच घालते, माझं अक्षर पोस्टवाल्यांना लागत नाही.

मोठ्या आजी, मी निन्फा. पत्ता घालायला पाकीट माझ्याकडे आलं. ते उघडं होतं आणि मी वाचलं, मला माफ कर. माझं लिहिणं मोडकं आहे, सांभाळून घे. नान्नूच्या खिशात वाण्याचासुद्धा दाणा नाही. मी सात वर्षांची असताना तो त्याच्या कोटातून काढून शाळेत दाखवायला नेला आणि मैदानात हरवला. दोन तास गवतात शोधला. मग घरी येऊन बरणीतला दुसरा ठेवला. सिनेमा त्यावरूनच सुचला, त्याला वाटतं त्याच्या गोष्टींवरून. आणि पडद्यावरचा दाणा तर लाकडाचा आहे, सुताराने केलेला, खरा फार बारीक दिसत होता.

तेव्हा एक नको, दोन पाठव. एक तो मला देईल, आणि मी पणजीचा दाणा म्हणून दोन्ही हातांत घेईन. दुसरा मी गुपचूप त्याच्या कोटात टाकीन. कारण मला दिल्यावर त्याचा खिसा रिकामा राहील, आणि रिकाम्या खिशाने त्याला कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंतसुद्धा चालता येत नाही.